पागेतले सात दिवस

इंदूर शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला घोड्यापासून फार लांब जाता येत नाही. निदान आपला पत्ता सांगताना तरी नाही. कुणाचे बिऱ्हाड पागनीस पागेत असते, कुणाचे तोफखान्याजवळ, कुणी जिन्सीत वाढलेला असतो. ही नावे घेताना पाठीमागे टापांचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही, आणि त्यात नवल नाही. महिदपूरच्या लढाईत 21 डिसेंबर 1817 रोजी होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि 1818 मध्ये राजधानी इंदुरास आली. म्हणजे आमचे हे शहर राजधानी झाले तेच मुळी घोडदळाचे दिवस सरत आल्यावर. घोडे गेले, नावे राहिली.

आमच्या घराण्याचाही पागेशी संबंध होता, पण तो लेखणीपुरता. आमचे खापरपणजोबा एका सरदाराच्या पागेत कारकून होते. पागनीस म्हणजे पागा लिहिणारा. कोणता घोडा ठाणावर आहे, कोणता स्वारीवर गेला, कोणाला किती चंदी द्यायची, याचा हिशेब ठेवणारा. घरात त्यांच्या हातचा एक मोडी कागद शिल्लक आहे. त्यात घोड्यांचे रंग ओळीने लिहिलेले आहेत आणि प्रत्येकापुढे दाण्याचे माप. त्यांच्यापासून आमच्यापर्यंत पाच पिढ्या झाल्या. पाचही पिढ्यांनी घोडा मोजला, लिहिला, पुढे मराठीच्या तासाला शिकवला. त्यावर बसले मात्र कुणी नाही. आम्ही स्वतः तीस वर्षांत ‘वरातीमागून घोडे’, ‘घोडे पेंड खाणे’, ‘खोगीरभरती’, ‘लगाम सैल सोडणे’ हे वाक्प्रचार किती वर्गांना वाक्यांत उपयोग करून दाखवायला लावले असतील याची गणती नाही.

मग पंचावन्नाव्या वर्षी घोड्यावर बसण्याचे हे काय खूळ, असे आमच्या सौ.नी विचारले ते रास्तच होते. त्याला निमित्त घडले ते असे. 2023 च्या सप्टेंबरात हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या अश्वारोहण संघाला ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळाले. अश्वारोहणातले सुवर्ण 41 वर्षांनी येत होते, आणि त्या चौघांच्या संघात आमच्या इंदूरची सुदिप्ती हजेला होती. तेव्हापासून इंदूरच्या पालकांना आपापल्या मुलांच्या मांडीखाली घोडा दिसू लागला. महूच्या रस्त्याला, शहराची वस्ती विरळ होते तिथे, घोडेस्वारी शिकवणारी एक छोटीशी पागा आहे. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची मुलगी तिथे जाई. एकदा त्या मुलीला आणायला आम्ही सहज सोबत गेलो आणि कुंपणापाशी तासभर उभे राहिलो. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवसांची अर्जित रजा जोडली तर एक आठवडा निघतो, हा हिशेब परतीच्या वाटेवरच झाला होता. शेवटी आम्ही कारकुनाच्या वंशातले.

शिकवणाऱ्या बाई जेमतेम सव्वीस वर्षांच्या. त्यांनी आधी आमचे वजन विचारले. वजन 72 किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार त्याच्या पाठीवर नसावा, असा त्यांचा दंडक होता. त्यात आम्ही कसेबसे बसलो. नंतर त्यांनी डॉक्टरांचे पत्र मागितले. आम्ही सांगितले, की आम्हाला नुसता रोजचा तासभर धडा नको, पागेतली कामेही करायची आहेत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग सर, सकाळी साडेपाचला या. घोडे साडेसहापर्यंत वाट पाहत नाहीत.”

पागेत नऊ घोडी-घोडे. त्यांतले चार मालकीचे, म्हणजे पालकांनी मुलांना घेऊन दिलेले, आणि पाच पागेचे. जुन्या भाषेत सांगायचे तर स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आम्ही अर्थातच बारगीर. आमच्या वाट्याला आली मैना नावाची एकोणीस वर्षांची कुमाईत घोडी. कपाळावर चांद, पाठीला किंचित खोलगा, डोळे शांत. तिचा सांभाळ करणारे ते चाचा. वय पासष्टीच्या घरात, बोली माळवी. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत होते असे ते सांगत. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो आणि ते आम्हाला ‘हेडमास्टर साब’. त्यांच्या हाताखाली त्यांचा नातू असे. सातवीत शिकणारा, काटकुळा, दिवाळीच्या सुट्टीमुळे पूर्ण वेळ मोकळा.

पहिल्या दिवशी घोड्यावर बसणे झालेच नाही. आधी लीद उचलणे, ओला भुसा काढून कोरडा टाकणे, पाण्याच्या बादल्या. घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि हातपंपावरून नऊ जणांसाठी ते वाहून आणणे वेगळे. मग खरारा. गोल गोल फिरवून आधी मळ सुटा करायचा, नंतर केसांच्या दिशेने ब्रश ओढून तो काढायचा, शेवटी कोरडे फडके. चाचा एक शब्द न बोलता आमच्या हाताकडे पाहत होते. मैनेच्या मानेपाशी एका जागी खरारा पोहोचला की ती खालचा ओठ लांब करून थरथरवी. “वहीं, साब, वहीं,” चाचा म्हणाले. त्या दिवसभरात आम्हाला मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्र.

त्यानंतर खूर. पायाच्या नळीवरून हात खाली नेला की घोडी पाय उचलून देते. तो आपल्या मांडीवर टेकवायचा आणि आकड्याने तळातली माती-खडे उकरायचे. तळाच्या मधोमध एक त्रिकोणी मऊ भाग असतो. चाचा त्याला पुतली म्हणत. ती दुखवायची नाही. जमिनीवर टाप पडते तेव्हा हीच पुतली दाब झेलते. नाल बाहेरून लोखंडाचा दिसतो, पण त्याच्या कवेत घोड्याचे इतके हळवे काही असते, हे तीन दशके ‘नाल सापडला म्हणून घोडा घेणे’ शिकवणाऱ्याला तळहातावर घेऊन पाहता आले, याचा आनंद आम्ही त्या संध्याकाळी घरी बराच वेळ वर्णन करून सांगितला. सौ.नी ऐकून घेतले आणि कपडे अंगणातच काढून ठेवण्यास सांगितले.

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही म्हण सरकारी नोकरीत आम्ही अर्धीच अनुभवली होती. दुसऱ्या अर्ध्याचे कारण बाईंनी सांगितले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते. फक्त नाकाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे दिसत नाही. मागून गेलेला माणूस त्याच्या लेखी एकाएकी शून्यातून उगवतो. मग तो लाथ मारतो ती रागाने नव्हे, भयाने. म्हणून मागून जायचेच असेल तर आधी आवाज द्यायचा, हात पाठीवर ठेवायचा आणि तो न उचलता पलीकडे जायचे. साहेबांच्या बाबतीत असे काही करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी स्वारी. स्टुलावर उभे राहून, डाव्या बाजूने, डावा पाय रिकिबीत. डावीकडूनच का, तर स्वाराची तलवार डाव्या कमरेला असे आणि उजवीकडून चढताना ती आड येई, असे सांगतात. तलवार गेली, वहिवाट उरली. वर बसल्यावर पहिली जाणीव झाली ती उंचीची, आणि दुसरी अशी, की आपल्या खाली जे आहे ते श्वास घेते आहे. बाईंनी मैनेला लांब दोर लावला आणि स्वतः मधोमध उभ्या राहून तिला गोल फिरवू लागल्या. याला काय म्हणता, असे आम्ही चाचांना विचारले. ते म्हणाले, “कावा. घोड़ी को कावा दे रहे हैं.” आम्ही वरच्या वर थक्क झालो. मराठीच्या जुन्या कोशांत कावा या शब्दाखाली घोडा वर्तुळात फिरवणे आणि डावपेच लढवणे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. आमच्या मुलांना गनिमी कावा पाठ असतो. पण कावा हा शब्द भर इंदुरात, एका माळवी बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडी, आपल्या मूळ कामावर अजून हजर आहे, हे कुणी सांगितले असते तर आम्ही पुरावा मागितला असता.

त्या दिवसापासून आम्ही खिशात एक शंभरपानी वही ठेवू लागलो. चाचा बोलता बोलता टाकत ते शब्द टिपायचे: तोबरा, तंग, अगाडी, पिछाडी, गर्दनी, चंदी, रपेट. त्यांतल्या काहींची कुळी फार्सी. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दरबारातले आणि दप्तरातले काही शब्द त्याने खरोखर बदललेही. परंतु लगाम लगामच राहिला. आमच्या मते याचे कारण साधे आहे. दरबारात शब्द बदलला तर कारकून बदलतो. पागेत शब्द बदलला तर घोडा ऐकत नाही.

स्वार होणे म्हणजे बसणे नव्हे, हे समजायला तिसरा दिवस उजाडला. मराठीत मांड ठोकणे, मांड पक्की असणे असे म्हणतात. ती मांड म्हणजे काय ते मांड्यांनाच विचारावे. खोगीर मुठीने धरून माणूस टिकत नाही. मांडी सैल, टाच खाली, पाठ सरळ, नजर पुढे. घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची, त्यापुढची धाव तीन ठोक्यांची. दुडकीत स्वाराने एका ठोक्याला उठायचे आणि दुसऱ्याला बसायचे असते. ठोका चुकला की खोगीर आपल्याला वर भेटायला येते. तीस वर्षे गणमात्रांची लघुगुरू शिकवलेल्या माणसाला हे अवघड जाऊ नये, अशी आमची समजूत. आणि खरोखरच तिसऱ्या फेरीला आम्ही मनातल्या मनात लगावली मोजू लागलो तेव्हा उठणे-बसणे जुळले. भरधाव घोड्याचे चारही खूर एका क्षणी जमिनीपासून सुटतात की नाही, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांत वाद होता. 1878 मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून ते सुटतात हे दाखवून दिले. आमचा मात्र सर्व आठवडाभर दुडकीपलीकडे मजल मारण्याचा विचार नव्हता, आणि मैनेचाही नव्हता.

बाई एक गोष्ट वारंवार सांगत: “सर, आवाज नको. अंगाने सांगा.” शाळेत आमचा आवाज शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचतो. इथे त्याचा उपयोग शून्य. आम्ही डावीकडे नुसते पाहिले तरी मैना डावीकडे वळे, कारण पाहताना खांदा किंचित वळतो आणि ते तिला पाठीवर कळते. यावरून आम्हाला बर्लिनचा तो प्रसिद्ध घोडा आठवला. फॉन ओस्टेन नावाचे एक निवृत्त शिक्षक, म्हणजे आमच्याच पेशाचे गृहस्थ. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला गणित शिकवले. बेरीज विचारली की घोडा पाय आपटून उत्तर देई. 1904 मध्ये चौकशी समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. पुढे 1907 मध्ये फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने उलगडा प्रसिद्ध केला: बरोबर उत्तराचा ठोका आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते, आणि घोडा तेवढे ओळखून थांबतो. लोकांनी याचा अर्थ घोड्याला गणित येत नव्हते असा घेतला. आमच्या दृष्टीने मात्र खरी गोष्ट अशी, की गुरुजींना स्वतःला ठाऊक नसलेले गुरुजींच्या मनातले तो ओळखत होता. असा विद्यार्थी आमच्या नोकरीत आम्हाला फार क्वचित भेटला.

चौथ्या रात्री आम्ही पागेतच मुक्काम केला. घोडा उभ्याने झोपतो. गुडघ्याचा सांधा जणू कुलूप लावल्यासारखा अडकवून ठेवण्याची निसर्गाने त्याला सोय दिली आहे. पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ तरी आडवे व्हावेच लागते, आणि ते तो निर्धास्त असेल तरच होतो. हे पाहायचे होते. दाण्याच्या खोलीत खाट टाकली. बाहेर थंडी पडू लागली होती. दिवाळी होऊन गेली तरी गावाकडून अधूनमधून फटाका वाजे आणि नऊच्या नऊ माना एकदम वर होत. साडेदहाच्या सुमारास सगळे निवले. आम्ही डोळे मिटले.

जाग आली ती चाचांच्या पावलांनी. ते मैनेच्या ठाणाकडे चालले होते. आम्हाला काहीच ऐकू आले नव्हते. त्यांनी अंगणाच्या पलीकडून, झोपेत, एक खूर जमीन उकरतो आहे हे ऐकले होते. कंदिलाच्या, म्हणजे आताच्या बॅटरीच्या उजेडात मैना उभी होती. मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहत होती. अंगावर घाम. पुढच्या पायाने भुसा उकरी, गुडघे वाकवून खाली बसू पाही, पुन्हा उठे. संध्याकाळची चंदी तशीच पडलेली. चाचांनी भुशात हात फिरवला. लीद नव्हती. “कुरकुरी,” ते म्हणाले, आणि तिची म्होरकी हातात घेऊन तिला बाहेर काढले.

कुरकुरी म्हणजे पोटशूळ. माणसाचे पोट दुखले तर ओवा-हिंग चालते. घोड्याची गोष्ट निराळी. त्याला ओकता येत नाही. जठर लहान, आतडी लांबच लांब आणि वळणावळणाची. एका वळणावर चारा अडला, वायू कोंडला, आतड्याला पीळ पडला, की तासांचा खेळ. वेदनेने लोळू लागला तर आणखी इजा. घोड्यांच्या मरणाचे हे फार जुने आणि फार नेहमीचे कारण आहे, हे आम्हाला त्या रात्री बाईंनी फोनवरून डॉक्टरांना बोलावल्यावर दोन वाक्यांत सांगितले आणि लगेच आमच्या हातात दोर दिला. “चालवत राहा, सर. ती थांबायला पाहील, थांबू देऊ नका.”

कुंपणाच्या आतल्या त्या वर्तुळात, जिथे दिवसा आम्ही लगावली मोजत होतो, तिथे चाचा आणि आम्ही आळीपाळीने तिला चालवू लागलो. चारशे किलोंचा जीव शेजारी कण्हत चालत असतो तेव्हा त्याच्या प्रत्येक पावलाचे वजन दोरातून हाताला येते. ती मध्येच खचली तर आपण खाली सापडू, हे भय होते. ते लपवण्यात अर्थ नव्हता, कारण तिला कळतच होते. एकदा ती खरोखर खाली बसली. चाचा तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले, नातवाने मागून हाकारले, आणि ती उठली.

डॉक्टर पाऊण वाजता आले. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, तरुण, अल्पभाषी. हिरडीवर बोट दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिले, कुशीला नळी लावून आतड्यांचा आवाज ऐकला. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुरगुर चालू असते. मैनेच्या उजव्या कुशीत शांतता होती. काय खाल्ले, त्यांनी विचारले. एरवी घोडे कुठे पेंड खाते हे आपण गंमतीने विचारतो; इथे तो प्रश्न शब्दशः जीवनमरणाचा होता. सणाचे दोन दिवस धडे बंद, घोडी ठाणावर उभी, दाणा मात्र नेहमीइतका. गारव्यामुळे पाणी कमी प्यायलेली. त्यात नवा चारा सुरू झालेला. यांपैकी कोणते एक कारण, हे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी वेदना कमी करणारे इंजेक्शन दिले, नाकपुडीतून लांब नळी जठरापर्यंत घातली आणि बादलीभर द्रव पॅराफिन हळूहळू आत सोडले. मग हात धुता धुता स्पष्ट सांगितले, की नाडी पहाटेपर्यंत उतरली पाहिजे. न उतरली तर उरतो शस्त्रक्रियेचा मार्ग, आणि एकोणीस वर्षांच्या घोडीवर एवढी मोठी शस्त्रक्रिया करावी असे आपण सुचवणार नाही.

“दर वीस मिनिटांनी नाडी मोजा आणि लिहून ठेवा,” ते म्हणाले. “जबड्याच्या खाली लागते.”

आमची बोटे जबड्याखाली नुसती चाचपडत राहिली. चाचांचा नातू पुढे आला. त्याने दोन बोटे हाडाच्या कडेला ठेवली आणि लगेच मान हलवली. आम्ही घड्याळ धरले. पंधरा सेकंद. त्याने आकडा सांगितला, “सत्रह.” आणि आम्ही विचारण्याच्या आतच, “सत्रह चौके अड़सठ.” आमच्या खिशातली शब्दांची वही बाहेर निघाली. तोबरा, तंग, गर्दनी यांच्या पुढच्या कोऱ्या पानावर आम्ही दोन रकाने पाडले. वेळ. नाडी. घोड्याची नाडी विसाव्यात अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते. एक वाजून दहा मिनिटे, 68.

दीड वाजता पुन्हा 68. सोळा चोक चौसष्ट व्हायला दोन वाजायला आले. मग बराच वेळ 64 वर आकडा खिळून राहिला. मुलगा प्रत्येक वेळी हलक्या आवाजात पाढा म्हणे, जणू आकडा मोठ्याने म्हटला तर बिघडेल. आम्ही मराठीत, तो हिंदीत. सोळा चोक चौसष्ट, सोलह चौके चौंसठ. बाई फिरवत होत्या, चाचा फिरवत होते, आमची पाळी आली की दोर आम्ही घेत असू. त्या अंधारात खापरपणजोबांचा मोडी कागद आम्हाला आठवला. त्यावरचे घोड्यांचे रंग आणि पुढे दाण्याचे माप. लहानपणापासून आम्ही त्या कागदाला निव्वळ हिशेब समजत आलो होतो. एखाद्या रांगेत माप एकदम अर्धे झालेले आहे, एखादी रांग मध्येच संपते. आता त्या मोकळ्या जागा आमच्या डोळ्यांपुढून हलेनात.

तीनच्या पुढे 60. साडेतीनला 56. मैनेने एकदा खोल श्वास सोडला आणि पहिल्यांदाच मान खाली घातली. चाचांनी तिच्या कुशीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला, मग आम्हाला बोलावले. आम्हीही कान लावला. घामाने ओल्या, गार कातड्याच्या आत, खूप खोलवर, कुठेतरी भांड्यात पाणी हिंदकळावे तसा आवाज आला. पुन्हा आला. चार वाजून दहा मिनिटांनी तिने शेपूट उचलली.

वाचकहो, या कौटुंबिक मासिकात लीद या विषयावर अधिक लिहिणे योग्य नव्हे. एवढेच सांगतो, की पाच माणसे बॅटरी घेऊन तिच्याभोवती उभी होती, डॉक्टर धरून, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. मुलाने नाडी धरली. बारा चोक अठ्ठेचाळीस. पाच वाजता, अकरा चोक चव्वेचाळीस. डॉक्टरांनी वही मागून घेतली, दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवले आणि त्यांच्या मोबाइलवर त्या पानाचे छायाचित्र काढले. मागची पाने चाळताना ‘पिछाडी’ या शब्दापाशी थांबून त्यांनी आमच्याकडे पाहिले, पण विचारले काही नाही.

पाचव्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत घरी झोपलो. सहाव्या दिवशी मैनेला मूठ मूठ ओला कोंडा आणि कोमट पाणी. चालणे फक्त हाताने. सौ.ही त्या संध्याकाळी पागेत आल्या, आम्ही सांगत होतो ती घोडी कोणती ते पाहायला. कुंपणाबाहेरूनच पाहीन म्हणाल्या होत्या. थोड्या वेळाने पाहतो तो त्या मैनेच्या कपाळावरचा चांद तळहाताने पुसत होत्या, आणि चाचा त्यांना मानेपाशी नेमकी जागा दाखवत होते.

सातव्या दिवसाचा धडा आम्ही दुसऱ्या घोड्यावर घेतला. काठेवाडी जातीचा, कानांची टोके आत वळलेली, चालीत जरा घाई. दुडकी जमली; एकदा मैनेच्या सवयीने नुसते डावीकडे पाहून आम्ही वळण्याची वाट पाहत राहिलो, पण हा सरळच गेला. बाई म्हणाल्या, याला अजून तुमची ओळख नाही. मैनेवर पंधरा दिवस खोगीर चढणार नव्हते. दर रविवारी सकाळी येण्याचे आम्ही ठरवले आणि महिन्याची फी भरली. पावती मागितली नाही, एवढ्यावरून घरच्यांनी आमच्या मनःस्थितीची कल्पना करावी.

निघण्यापूर्वी चाचांच्या शेजारी दाण्याच्या पोत्यावर बसून वहीतले शब्द त्यांना वाचून दाखवले. ते डोळे मिटून ऐकत होते. एखाद्या शब्दाला मान डोलवीत, एखाद्याला “ये तो हमारे दादा बोलते थे” म्हणत. नाडीचे पान आले तेव्हा नातवाने ते स्वतः वाचले, वेळेसकट, पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत. त्यानंतरची पाने कोरी होती. चाचांनी डोळे उघडले.

“इसमें थान लिखा, साब?”

थान, म्हणजे आमचे ठाण. घोड्याची उभी राहण्याची जागा. ते लिहायचे राहिले होते. समोर मैना आपल्या ठाणावर एक मागचा पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबवून उभ्याने झोपली होती. आम्ही पेन काढले आणि लिहून घेतले.